चिकनगुनियाचा विषाणू पेशीत कसा शिरतो?

ताप चार दिवसांत उतरतो. पण गुडघे, घोटे आणि बोटांची पेरी महिनोन्‌महिने धरून राहतात. चिकनगुनियाची ही ओळख पुष्कळांना स्वानुभवाने पटलेली असेल. १९५२-५३ साली टांगानिकात या रोगाची प्रथम नोंद झाली. रोग्याचे अंग वाकवतो, म्हणून तेथील माकोंदे भाषेत त्यास हे नाव पडले. आपल्याकडे १९७३ साली बार्शीस त्याची साथ येऊन गेली. २००६ साली तो अनेक राज्यांत पसरला. हा रोग सांध्यांवरच का उठतो, हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून विषाणू अंगात येतो. तो इतका लहान, की एका मिलिमीटरच्या रेषेवर असे सुमारे चौदा हजार मावतील. जिवंत पेशीत शिरल्यावाचून त्याची वाढ होत नाही. आणि पेशीभोवती तर पडदा असतो. मग दार उघडते कोण?

अमेरिकेतील सेंट लुईस येथे मायकेल डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींतील निरनिराळी जनुके निकामी करून त्यांवर विषाणू सोडला. ज्या पेशी तगल्या, त्यांत एमएक्सआरए-८ नावाच्या प्रथिनाचे जनुक मोडलेले आढळले. हा शोध २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे प्रथिन आपलेच. ते हाड, कूर्चा, स्नायू व त्वचा यांतील पेशींवर असते. सांधेदुखीचा उलगडा येथे बराचसा होतो.

विषाणू या प्रथिनास चिकटतो. पेशी त्यास एका बुडबुड्यात घेऊन गिळते. बुडबुडा आंबट होताच विषाणूचे कवच पडद्याशी एकजीव होते आणि त्याचे जनुकद्रव्य आत उतरते.

गाईच्या याच प्रथिनात पंधरा अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा आहे. तेवढ्याने विषाणूची पकड बसत नाही. तो तुकडा काढला की बसते. हे प्रथिन मोकळ्या रूपात उंदरांस टोचले असता विषाणू त्यालाच फसला, आणि पायांची सूज कमी झाली. तथापि काही पेशींत तो या प्रथिनावाचूनही शिरतो. म्हणजे दार एकच नाही.

पेशीचे दार रोखण्याचे काम शास्त्रज्ञांचे आहे. रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करणे आणि त्यावर झाकण ठेवणे, हे मात्र आपलेच काम होय.