अंगणातला गोल्फ

पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गोल्फ खेळला, तेव्हापासून मला या खेळाचे वेड. आमच्या फोपनारला मात्र केळीच्या बागा. गोल्फला जागा कोठली? गेल्या वर्षी एका मैदानावर पहिला फटका मारला. चेंडूचे वजन फार तर ४५.९३ ग्रॅम, पण तो हलला नाही, मीच भेलकांडलो. सारे हसले.

दोष हातांचा नव्हता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा भार काठी मागे नेताना उजव्या पायावर जातो आणि फटक्याबरोबर डाव्यावर यावा लागतो. माझा मागेच राही. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, ताळेबंद जुळत नव्हता!

सुट्टीत अंगणात वेळूची काठी घेतली. (आईला काळजी तुळशीची.) आधी पाय जुळवून अर्धाच फटका मारायचा. अशा वेळी जास्त जोर केला की तोल जातोच, त्यामुळे जोराचे माप आपोआप कळते. मग पाय खांद्यांइतके फाकवून पूर्ण फटका. शेवटी भार डाव्या पायावर, उजवी टाच वर, आणि तीन मोजेपर्यंत तसेच उभे राहायचे.

तोल डोळे, आतला कान आणि पायांची जाणीव मिळून सांभाळतात. म्हणून भिंतीजवळ, डोळे मिटून, एका पायावरही उभा राहतो. उघड्या डोळ्यांनी तीन आता जमते. मिटल्यावर दोनलाच पाय टेकतो.