*मळणीच्या दिवसांत सर्दीची गोळी: आधी पाकिटामागचं वाचा, मग घ्या*



सोयाबीनच्या गंजी लागल्या, आता रास सुरू झाली. दोन दिवसांपासून फोनवर भावापेक्षा दुसराच प्रश्न जास्त येतोय. "सर, यंत्रापाशी गेलं की शिंका थांबत नाहीत. नाक गळतं, डोळे चुरचुरतात. मेडिकलवरून सर्दीची गोळी आणलीय, घेऊ का?"

मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका केलेला तुमचा सल्लागार आहे. कोणती गोळी घ्या हे मी सांगणार नाही. पण कीटकनाशकाचा डबा फोडण्याआधी लेबल वाचा, असं मी तुम्हाला कायम सांगतो. तेच आज गोळीबद्दल सांगायचंय. यात माझी स्वतःची चूकही आहे. मागच्या हंगामात अशीच गोळी घेऊन मी दुपारी लातूर-बार्शी रस्त्यानं मोटारसायकलवर निघालो. डोळा कधी लागला कळलंच नाही. गाडी रस्त्याखाली उतरली, नशिबानं खाली मऊ माती होती. त्या वेळी मी मळणी यंत्राच्या तोंडाशी असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

*ही सर्दी कशाची?*

आपण हिला धुळीची अॅलर्जी म्हणतो. इंग्रजीत हे फीव्हर म्हणतात, पण यात ताप नसतो. ताप असेल, कफ पिवळा-हिरवा असेल, अंग मोडून येत असेल तर दुखणं वेगळं आहे, डॉक्टरांना दाखवा. अॅलर्जीत शिंका लागोपाठ येतात, नाकातून पाण्यासारखं गळतं, नाक-डोळे-टाळू खाजते. धुळीपासून लांब गेलं की हळूहळू कमी होतं.

आपल्याकडं या दिवसांत दोन कारणं एकत्र येतात. एक म्हणजे गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे तण आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. पावसाळ्यात वाढून ते फुलावर येतं आणि त्याचे परागकण नाकात जातात. दुसरं कारण म्हणजे सोयाबीनची धूळ. ती साधी माती नाही. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठराविक दिवशी एकदम खूप लोकांना दम्याचे झटके यायचे. शोध घेतल्यावर कळलं की त्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवलं जात होतं. दाण्याच्या सालीची धूळ वाऱ्यानं शहरात पसरत होती. तिथं कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि ते झटके थांबले. म्हणजे खरा उपाय धूळ अडवणं हाच होता. आपल्यालाही आधी तेच करायचंय. गोळी नंतर.

*एका गोळीत दोन-तीन औषधं*

सर्दीची म्हणून मिळणारी गोळी बहुतेक वेळा एक औषध नसतं. पाकिटामागं बारीक अक्षरात नावं असतात. वाचता येत नसतील तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा.

१) *अॅलर्जी रोखणारं औषध:* क्लोरफेनिरामाइन, सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांपैकी एखादं. शिंका, खाज, गळणं यावर ते काम करतं. पण क्लोरफेनिरामाइननं लई झोप येते, तोंड कोरडं पडतं. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळीही राहू शकते. सेटिरिझिननं झोप कमी येते, पण काहींना येतेच. फेक्सोफेनाडिननं सगळ्यात कमी.

२) *चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध:* फिनाइलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन. हे नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून सूज कमी करण्यासाठी असतं. पण पोटातून घेतलं की ते फक्त नाकात जात नाही, सगळ्या अंगात फिरतं. त्यामुळं बीपी वाढू शकतो, छातीत धडधडतं, झोप उडते, लघवी अडते. आणि फिनाइलेफ्रिनचा तोंडावाटे घेतल्यावर उपयोग किती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये सांगितलं की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतल्यावर ते नाक मोकळं करत नाही. म्हणजे तुमचं नाक नुसतं गळत असेल, चोंदलेलं नसेल, तर हे दुसरं औषध अंगात घालायचं कारणच नाही.

३) *पॅरासिटामॉल:* पुष्कळ गोळ्यांत हेही असतं. दिवसभर रास केल्यावर अंग दुखतं म्हणून आपण वर आणखी एक अंगदुखीची गोळी घेतो. तिच्यातही पॅरासिटामॉल असलं तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. रोज दारू घेणाऱ्यांची मर्यादा याहून बरीच कमी. जास्त झालं की लिव्हर खराब होतं आणि ते सुरुवातीला कळतही नाही.

*कुणी स्वतःच्या मनानं घ्यायचीच नाही?*

• बीपी किंवा हृदयाचा त्रास असणारे. "माझा बीपी गोळीवर कंट्रोलमध्ये आहे" म्हणणाऱ्यांनीसुद्धा.
• प्रोस्टेट वाढलेले, लघवीला अडखळणारे काका-आबा. पहिलं आणि दुसरं, दोन्ही औषधं मिळून लघवी पूर्ण बंद होऊ शकते.
• काचबिंदू, थायरॉईड किंवा शुगर असणारे.
• झोपेची, मिरगीची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असणारे.
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताई.
• लहान मुलं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे पाकिटावर छापा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना दिला आहे. मोठ्या माणसाची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका.

*डॉक्टरांनी दिली तर एवढं पाळा*

• गोळी घेतलेल्या दिवशी मळणी यंत्रात माल टाकायला उभं राहू नका. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी, रात्रीची मोटार चालू करायला जाणं, हे सगळं दुसऱ्याकडं द्या. टोळीत कुणी गोळी घेतली असेल तर त्यानं लाजू नये, मुकादमाला सांगावं. माल टाकण्याऐवजी पोती शिवायचं काम घेता येतं.
• गोळी आणि दारू एकाच दिवशी नको. गुंगी कितीतरी पटीनं वाढते.
• उन्हात जास्त पाणी प्या. क्लोरफेनिरामाइनसारख्या गोळीनं घाम कमी येतो, अंग तापतं. ऑक्टोबरच्या उन्हात हे महागात पडतं.
• शेजाऱ्याला लागू पडली म्हणून तीच आपण घेऊ नये.
• नाकात टाकायचे मोकळं करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका. पुढं थेंब बंद केले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि थेंबांची सवय लागते.
• दरवर्षी महिनाभर त्रास होत असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्प्रे देतात. तो रोज मारावा लागतो, गुण यायला काही दिवस लागतात. पण त्यानं गुंगी येत नाही.

*गोळीच्या आधी करायच्या गोष्टी*

१) यंत्र असं लावा की वारा तुमच्या पाठीकडून येईल आणि भुसकट समोर उडून जाईल. जागा निवडतानाच हे बघा.
२) नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावा. नसेल तर दुहेरी ओलं उपरणं. मास्कइतका उपयोग होत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. डोळ्यावर साधा चष्मा.
३) घरी आल्याबरोबर अंघोळ. कामाचे कपडे बाहेरच काढा, अंथरुणाजवळ नको.
४) नाक मिठाच्या पाण्यानं धुवा. एक पेला पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, बोअरचं कच्चं पाणी नाकात घालू नका.
५) गाजर गवत फुलावर यायच्या आधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांनी ते काम दुसऱ्याला द्यावं.

*फवारणीनंतर नाक गळलं तर ती सर्दी समजू नका*

आता तुरीवर फवारण्या सुरू होतील. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारख्या औषधांची बाधा झाली की सुरुवातीला नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं, तोंडाला लाळ सुटते. हे अॅलर्जीसारखंच दिसतं. पण त्याबरोबर घाम, मळमळ, धूसर दिसणं, छाती आवळणं, स्नायू फडफडणं असेल तर ती विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपले शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका. अशा वेळी सर्दीची गोळी घेऊन झोपून राहिलात तर मोलाचा वेळ जाईल. कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

*ताबडतोब १०८ ला फोन कधी?*

छातीत घरघर होऊन बोलता येईना, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठून चक्कर आली, छातीत दुखलं, किंवा लघवी पूर्ण बंद झाली तर. वाट बघू नका.

शेवटी एकच सांगणं. मेडिकलवर जाताना तुमच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि विचारा, "यात काय काय आहे, माझ्या बीपीला चालंल का, झोप येईल का?" उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर गोळी घेऊ नका, डॉक्टरांकडं जा. रास एक दिवस उशिरा झाली तर चालतं. यंत्रात गेलेला हात परत मिळत नाही.

हा मेसेज तुमच्या मळणीच्या टोळीला आणि घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

तुमचा,
कृषी सल्लागार, मुरुड