थोरल्या भावाची कथा : रजनीकांत यांच्या मसालापटांतील कुटुंबनिष्ठा (१९७८–२०२१)

मसालापट म्हणजे मारामारी, गाणी, विनोद आणि अश्रू एकाच कथेत बांधणारा लोकप्रिय चित्रपट. त्याच्या तमिळ रूपात हाणामारी ठळक दिसत असली, तरी कथेचा कणा बहुधा घराशी असलेली बांधिलकी हाच असतो. १२ डिसेंबर १९५० रोजी बेंगळुरूतील मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, यांच्या कारकिर्दीत ही बांधिलकी प्रामुख्याने थोरल्या भावाच्या रूपाने साकारत गेली.

महेंद्रन दिग्दर्शित ‘मुल्लुम मलरुम’ (१९७८) हा मसालापट नव्हे, परंतु पुढच्या भूमिकांचे बीज त्यात आहे. बहिणीवर जीव टाकणारा, तापट स्वभावाचा काली अपघातात हात गमावतो आणि ज्या अभियंत्याचा तो द्वेष करतो त्याच्याशीच बहिणीचे लग्न लावून देण्यास अखेर तयार होतो. प्रेमातला हट्ट सोडणे हाच येथे पराक्रम ठरतो.

सुरेश कृष्णा यांच्या ‘बाशा’मध्ये (१९९५) हे बीज पूर्ण वाढले. चेन्नईत रिक्षा चालवून भावंडांना मार्गी लावणारा माणिकम पूर्वी मुंबईत दरारा असलेला बाशा होता, हे प्रेक्षकाला पूर्वदृश्यातून, म्हणजे कथा मागे नेऊन दाखवलेल्या भागातून कळते, आणि वडिलांना दिलेल्या शब्दासाठी तो मार खातो, पण हात उगारत नाही. बहिणीच्या वैद्यकीय प्रवेशासाठी तो महाविद्यालयात जातो तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे : बहिणीला बाहेर थांबवून तो आपली खरी ओळख सांगतो, मात्र काचेपलीकडून तिला शब्द ऐकू येत नाहीत, केवळ समोरच्याचा बदललेला चेहरा दिसतो. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत प्रभावी मारामारी हीच, कारण तीत कोणी कोणाला स्पर्शही करीत नाही. या कथेवर मुकुल आनंद यांच्या ‘हम’ची (१९९१) छाया आहे, ज्यात रजनीकांत यांनी धाकट्या भावाची भूमिका केली होती.

यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा नदी ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो, तमिळ मुलूख त्याहून पुष्कळ दूर; तरी हिंदी डबिंगमुळे, म्हणजे पडद्यावरील पात्रांना दुसऱ्या भाषेतील आवाज दिल्यामुळे, हे चित्रपट यवतमाळातही समजू शकतात, आणि शेती, कर्ज व धाकट्यांची लग्ने ज्या कापूसपट्ट्यातील घरांत थोरल्याच्या शिरावर येतात, तेथे माणिकमचे मौन परके वाटण्याचे कारण नाही.

पा. रंजित यांच्या ‘काला’ने (२०१८) कुटुंबाची व्याख्याच रुंदावली; धारावीतील तिरुनेलवेलीकडच्या स्थलांतरितांचा हा नायक पत्नी आणि मुलगा गमावतो, परंतु त्याची निष्ठा वस्तीच्या जमिनीशी जोडलेली राहते. नाना पाटेकर यांचा हरिदेव अभ्यंकर त्याच्यासमोर शुभ्र वस्त्रांत, सभ्य भाषेत उभा राहतो, त्यामुळे संघर्षाला सूडापलीकडचा सामाजिक अर्थ येतो.

सिवा यांचा ‘अण्णात्ते’ (२०२१) पुन्हा बहिणीकडे वळला. लग्नाच्या वेळी घर सोडून प्रियकरासह कोलकात्याला गेलेल्या बहिणीचे नायक आडून रक्षण करतो. मात्र कालीला बहिणीच्या निवडीपुढे स्वतः बदलावे लागले होते, तर येथे बहिणीवरील संकटे भावाच्या शौर्याला निमित्त पुरवण्यासाठीच एकामागून एक रचली गेली आहेत.