‘मावा पडला, औषध मारा’ : घरातील झाडांच्या किडींविषयी एक शब्दविचार

‘मनीप्लांटवर मावा पडलाय, औषध मारा’ हे वाक्य अलीकडे मराठी घरांतून वारंवार ऐकू येते. वारणानगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले, उसाच्या पट्ट्यातील गाव. त्यामुळे येथे तर हे वाक्य शेताच्या बांधावरून थेट दिवाणखान्यातील कुंडीपाशी आलेले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. परंतु त्यातील शब्द एकेक करून तपासले असता असे दिसून येते की, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक शब्द कुंडी सांभाळणाऱ्यास भलत्याच दिशेकडे पाहावयास लावतो. कीटकशास्त्रज्ञाचे काम आपण करावे असा या लेखाचा हेतू नाही. नावे व क्रियापदे हा मात्र आपल्या अभ्यासाचा विषय आहे, आणि प्रस्तुत बाबतीत उपाय बरोबर की चूक हे बव्हंशी नावावरच ठरते.

प्रथम क्रियापद घेऊ. मराठीत ‘किडा’ हा पुल्लिंगी शब्द एकेका प्राण्यास लावतात. ‘कीड’ हा स्त्रीलिंगी शब्द समूहवाचक आहे. किडा चालतो, चावतो, उडतो. कीड मात्र ‘पडते’. दुष्काळ पडतो, दंव पडते, धुके पडते, थंडी पडते. या सर्व प्रयोगांत कर्ता वरून वा कोठून तरी येतो, त्यास कोणी आणलेले नसते आणि त्यास अडविणेही कोणाच्या हाती नसते. शेतातल्या अनुभवाशी ही कल्पना काहीशी जुळते, कारण पंख फुटलेला मावा वाऱ्याबरोबर खरोखरच लांबून येतो. घरात मात्र कीड बहुधा रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या कुंडीबरोबर, शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या फांदीबरोबर, अथवा जुन्या कुंडीतील माती पुन्हा वापरल्याने येते. ‘कीड लागली’ हा आपल्याच भाषेतील दुसरा प्रयोग येथे अधिक समर्पक होय. त्यात निदान स्पर्शाचा अर्थ आहे. नवे झाड घरी आणल्यावर ते दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे आणि आठवड्यातून एकदा त्याची पाने उलटून पाहावीत, एवढी एक खबरदारी पुढील पुष्कळ त्रास वाचविते. पाने उलटणे महत्त्वाचे, कारण वरून पडणाऱ्या गोष्टी आपण पानाच्या वरच्या बाजूस शोधतो आणि या बहुतेक किडी राहतात खालच्या बाजूस.

आता नावे. शेतकऱ्याने पिकांच्या दुखण्यांस दिलेली नावे दिसण्यावरून पडलेली आहेत, आणि ती मोठी नेमकी आहेत. तांब्याच्या रंगाचे ठिपके तो तांबेरा, भुरकट पूड ती भुरी, करपल्यासारखे पान तो करपा, डाळिंबावरील तेलकट डाग तो तेल्या. या नावांवरून दुखणे दुरून ओळखता येते. त्याचे कारण मात्र कळत नाही. बुरशी, जीवाणू आणि कीटक यांच्या खुणा डोळ्यास सारख्या दिसल्या की त्या एकाच नावाखाली जातात. ‘मावा’ या शब्दाचे आज हेच झाले आहे. कुंडीतील झाडावर काहीही बारीक व दाटीने बसलेले दिसले की तो मावा. खरा मावा कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर असतो; त्याचे अंग मऊ, पेरूच्या आकाराचे, आणि मागील भागावर दोन बारीक नळ्या असतात. त्याची मादी नराखेरीज थेट पिलांनाच जन्म देते, आणि ती पिले उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. काल चार होते आणि आज चारशे आहेत, हा अनुभव म्हणजे ‘पडणे’ नव्हे. ती या प्रजननाची गती होय. उपाय त्या मानाने अगदी साधा आहे. झाड मोरीत नेऊन पाण्याच्या धारेने शेंडे धुवावेत, अतिशय माखलेला शेंडा खुडून टाकावा, आणि हे दर तीन-चार दिवसांनी काही काळ करीत राहावे.

‘पिठ्या ढेकूण’ हे नाव विशेष विचार करण्यासारखे आहे. ‘तेल्या’, ‘ढेरपोट्या’ या शब्दांतील ‘-या’ हा प्रत्यय येथे पिठास लागला आहे: अंगावर पीठ असलेला तो पिठ्या. नावाचा दुसरा अर्धा भागही शास्त्राच्या कसोटीस उतरतो. अंथरुणातील ढेकूण आणि हा कीटक हेमिप्टेरा या एकाच गणातील आहेत. दोघांचेही तोंड टोचून शोषण्याचे, एकाचे रक्त व दुसऱ्याचे झाडाचा रस. इतके चांगले नाव हाताशी असूनही जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की लोक ‘बुरशी आली’ म्हणतात आणि बुरशीनाशक आणतात. त्याने या किडीचे काहीही बिघडत नाही. शंका आल्यास आगपेटीच्या काडीने पुंजका चाळवावा. भुरी असेल तर ती पुडीसारखी पुसली जाईल. कीटक असेल तर चिरडल्यावर ओलसर, पिवळसर डाग पडेल आणि एखादा हळूच सरकूही लागेल. मादी मेणचट कापसाच्या पिशवीत कित्येक शे अंडी घालते. हे मेण पाणी धरीत नाही, म्हणून नुसते पाणी शिंपडणे व्यर्थ ठरते. कापसाच्या बोळ्यास स्पिरिट लावून एकेक पुंजका पुसून काढणे हा कंटाळवाणा परंतु खात्रीचा मार्ग आहे. (स्पिरिट दिव्याजवळ वा शेगडीजवळ वापरू नये, हे सांगावयास नकोच.) बेचके, पानांच्या देठांची मुळे व कुंडीची कडा पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

‘पांढरी माशी’ आणि ‘कोळी’ ही दोन नावे मात्र उघडउघड फसवी आहेत. पांढरी माशी माशी नाही. माशीला दोन पंख असतात, हिला चार. आणि तिचे नाते मावा व पिठ्या ढेकूण यांच्याशी आहे. माशी म्हटले की आपण हाकलतो. झाड हलविले की या उडतात, आपण हात फिरवितो, आणि काम झालेसे वाटते. रस शोषणारी त्यांची पिले तोवर पानाखाली खवल्यांसारखी निश्चल चिकटलेली असतात. ती पाने पुसली पाहिजेत, फार भरलेली पाने तोडली पाहिजेत. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद झाडाशेजारी लावावा.

कोळी तर कीटकच नव्हे. त्यास आठ पाय असतात. लाल कोळी डोळ्यास जेमतेम दिसतो. दिसतात ती पानावरील असंख्य फिकट टिंबे आणि पुढे देठापाशी विणलेले बारीक जाळे. नावातील हा भेद व्यवहारातही फार मोलाचा आहे, कारण कीटकांसाठी केलेली अनेक विषे या प्राण्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे भक्षक मात्र त्या विषांनी मरतात, आणि फवारणीनंतर कोळी वाढल्याचे दिसते. त्यास कोरडी, उष्ण हवा मानवते. चैत्र-वैशाखात, किंवा वातानुकूलित खोलीत, पानांच्या खालच्या बाजूस नियमाने पाणी मारणे यासारखा दुसरा उपाय नाही. भिंतीवरील मोठ्या कोळ्यास मात्र या नामसाम्यामुळे शिक्षा होऊ नये; तो चिलटेच धरीत असतो.

खवले कीड ही कवचाखाली राहते, म्हणून ती नखाने वा जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खरवडावी लागते. फुलकिडे या नावामुळे आपण फुलांतच शोधतो. न फुलणाऱ्या झाडावर ते पाने खरवडून त्यांना चंदेरी झाक आणतात. कुंडीभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माशीस मराठीत रूढ असे स्वतंत्र नाव नाही. तिलाही ‘चिलट’च म्हणतात, आणि त्यामुळे कित्येक घरांत दोष केळ्यांच्या फणीवर येतो. या चिलटांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत असतात. वरची इंचभर माती वाळेपर्यंत पाणी न देणे, एवढेच पुरते.

मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी व काही खवले किडी जो गोड द्रव टाकतात, त्यास ‘मधुस्राव’ असा घडविलेला शब्द सुचविण्यात येतो. ज्वारीच्या शेतकऱ्याचा ‘चिकटा’ हा शब्द मला कितीतरी पटीने अधिक पसंत आहे: उच्चारायला सोपा, आणि फरशीवर हात ठेवला की पटणारा. कुंडीखाली चिकटा लागला, किंवा खोडावरून मुंग्यांची रांग चढू लागली, की कीड वर आहे असे समजावे. मुंग्या चिकट्यासाठी या किडींची राखण करतात, म्हणून त्यांची वाट प्रथम तोडावी. चिकट्यावर काळी बुरशी वाढते. नागपुरी संत्र्याच्या बागांत तिला कोळशी म्हणतात. पानावरची काजळी ओल्या फडक्याने निघते, पण कीड राहिली तर ती पुन्हा येते.

राहिला शब्द ‘औषध’. मराठीने कीटकनाशकास हे नाव दिले, आणि माझ्या मते या सबंध वाक्यातील सर्वांत घातक शब्द तोच आहे. झाडावर मारतो ते ‘औषध’. माणसाच्या पोटात गेले म्हणजे वर्तमानपत्रे त्यास ‘विषारी औषध’ म्हणतात. विशेषण लागते ते अपघातानंतर! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. शेतातील उरलेली बाटली घरी आणून बंद खोलीत, जेथे लहान मुले निजतात तेथे, फवारणे याला औषधोपचार कसे म्हणावे? डब्यावरील चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, आणि हिरवादेखील निर्विषतेचा दाखला नव्हे. घरातील कुंड्यांस पाणी, स्पिरिट, आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व द्रवरूप साबणाचे काही थेंब, एवढी सामग्री सहसा पुरेशी होते. मिश्रण आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहावे, ऊन उतरल्यावर फवारावे, आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा फवारावे. कारण अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. तुळस व कढीपत्ता ही झाडे आपण खातो, त्यांना पाण्याची धार आणि बोटेच बरी.

२००२ साली सांगली-कोल्हापूर भागातील उसावर लोकरी मावा आला तेव्हा वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे किती अवघड असते हे सर्वांनी पाहिले. पुढे त्यास आवर घालण्यात डिफा नावाच्या पतंगाच्या अळीचा व मायक्रोमस या भक्षकाचा मोठा वाटा होता. बंद घरात असे मित्र नसतात, म्हणून तेथे त्यांचे काम आपल्या हातांनी करावे लागते. गच्चीत वा सज्जात ठेवलेल्या कुंडीवर मात्र ते येतात, आणि तेथे दिसण्यावरून नाव ठेवण्याची सवय पुन्हा आडवी येते. १८९८ साली ऑस्ट्रेलियाहून भारतात आणलेला क्रिप्टोलिमस हा भुंगेरा पिठ्या ढेकणाचा काळ आहे. परंतु त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली असते, आणि पाहणारा तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतो. ती आकाराने ढेकणाहून बरीच मोठी असते, तिच्या अंगावरील झुबके लांब व विस्कटलेले असतात, आणि ती चपळाईने चालते. अशी अळी आढळल्यास निदान पंधरवडाभर त्या कुंडीवर काहीही फवारू नये.