सागरी मासेमारीचा हंगाम : बंदी, प्रारंभ आणि नियमन

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यास समुद्र नाही. तथापि कारखान्यांच्या ओढीने येथे स्थायिक झालेल्यांत कोकणची कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि जूनमध्ये बाजारात पापलेटचा भाव चढला की त्याची झळ त्यांना लागल्यावाचून राहत नाही. ही भाववाढ सर्वस्वी व्यापाऱ्यांची करणी आहे, असा समज आढळतो. वस्तुतः तिच्यामागे शासनाने जाणीवपूर्वक घातलेली बंदी आहे.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्याच्या सागरी क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी करता येत नाही. त्यापलीकडील क्षेत्रासाठी केंद्र शासन असाच आदेश काढते. पावसाळा हा अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाल होय. या दिवसांत अंडी धरलेली मादी जाळ्यात आली, तर पुढील हंगामाचे बीजच नष्ट होते. शिवाय समुद्र खवळलेला असतो. बंदीचा भंग करून गेलेल्या नौकेस अपघात झाल्यास नुकसानभरपाई मिळत नाही, हे दरवर्षीच्या सूचनेत स्पष्ट केलेले असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना मात्र ही बंदी लागू नाही. पूर्व किनाऱ्यावरील बंदीही १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. सबब, जुलैमध्ये बाजारात दिसणारी प्रत्येक ताजी मासळी चोरीचीच असे मानण्याचे कारण नाही.

कोळी समाजाचा हंगाम परंपरेने नारळी पौर्णिमेस सुरू होतो. ही तिथी २०२० मध्ये ३ ऑगस्टला आली, तर २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला गेली. कायद्याची तारीख मात्र १ ऑगस्ट. परिणामी काही नौका सागरास नारळ अर्पण होण्यापूर्वीच निघतात, आणि पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या लहान मच्छीमाराच्या वाट्याची मासळी मोठी नौका आधीच उचलते. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मच्छीमार संघटनांची मागणी याच अनुभवातून आली आहे, आणि ती सहानुभूतीने पाहण्याजोगी आहे.

हंगाम उघडला म्हणजे सारे मोकळे झाले असे नाही. पर्ससीन जाळ्यांच्या वापरावर २०१६ च्या आदेशाने काल व क्षेत्र यांच्या मर्यादा घातल्या. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने मासळी गोळा करून पकडणे निषिद्ध आहे. २०२३ मध्ये पकडण्यायोग्य माशांची किमान लांबीही ठरविण्यात आली : पापलेट १३५ मि.मी., बोंबील १८० मि.मी., सुरमई ३७० मि.मी. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा घोषित झाला. बोटभर पापलेट टोपलीत घालून विकणे व विकत घेणे या दोन्ही गोष्टी बंद झाल्या, तरच या आकड्यांना अर्थ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढले, आणि प्रकरणे चालविण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणीही होऊ लागली आहे.

नियमन उशिरा झाले तर काय होते, याचे उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर घडले. आपल्याकडे कॉड हा मासा औषधी तेलाच्या बाटलीवरूनच परिचित. तेथे मात्र तो शतकानुशतके उपजीविकेचा आधार होता. मोठ्या ट्रॉलर नौकांनी अतोनात उपसा केल्याने साठा इतका खालावला की, जुलै १९९२ मध्ये व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. बंदी प्रारंभी दोन वर्षांची होती. ती उठण्यास २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही परवानगी मर्यादितच मिळाली.

खेड व मावळ तालुक्यांतील पंचायत सदस्यांना हा विषय परका वाटू नये. भामा आसखेड व पवना जलाशयांना मिळणाऱ्या ओढ्यांतही पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे अंडी घालण्यास वर चढतात. गावोगावी याच वेळी ओढ्याच्या अरुंद तोंडाशी जाळी लावली जातात. पाण्यात विष कालवून किंवा स्फोटके टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. चढणीच्या माशांबाबत मात्र ग्रामसभेने आषाढापूर्वीच निर्णय घेऊन दवंडी दिलेली बरी. लोंढा आल्यावर कोणी ऐकत नाही.