‘पोहोचेन तेव्हा फोन करीन’

वाशीमच्या बसस्थानकावर निघताना माणूस म्हणतो, ‘पोहोचेन तेव्हा फोन करीन.’ दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी. मुले तेच इंग्रजीत नेतात, ‘व्हेन आय विल रीच, आय विल फोन’, आणि मुलाखतीत गुण गमावतात. इंग्रजीत मुख्य वाक्यातल्या एका ‘विल’ने भविष्य सांगून होते, म्हणून ‘व्हेन आय रीच, आय विल फोन’. ‘इफ’, ‘आफ्टर’ यांचेही तसेच. प्रश्नात मात्र ‘व्हेन विल यू कम?’ बरोबर.

माझ्या घरच्या उर्दूत ‘आऊंगा’, मराठीत ‘येईन’. काळ क्रियापदालाच चिकटतो. इंग्रजीत असा भविष्याचा प्रत्यय नाही, ती इतर रूपांवर भागवते. आत्ता ठरवले किंवा वचन दिले, तर ‘विल’. आधीच ठरले असेल, तर ‘गोइंग टू’, आपल्या ‘जाणार आहे’सारखे. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ: ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स.’

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. नियम घोकण्यापेक्षा मुलांना ते मराठीशी ताडून दाखवावेत. आपणही उंबरठा ओलांडण्याआधीच ‘आलोच’ म्हणतो. भविष्य भूतकाळात सांगणाऱ्यांना इंग्रजीची ही तऱ्हा अवघड का वाटावी?