शिडांच्या शर्यतीचा शिरस्ता

धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहागडपाशी गोदावरी ओलांडतो, आणि ज्याला पुढे पोचण्याची फारशी निकड नाही असा एखादा वाटसरू पुलाच्या कठड्याशी घटकाभर थांबला, तर त्याला एका दृष्टिक्षेपात दोन जिल्हे दिसतात: अलीकडे जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्याची गेवराई, आणि मधून वाहणारी ती नदी, जिला या गंगथडीतली माणसे आजही गोदावरी न म्हणता गंगाच म्हणतात. भाद्रपदात पात्र भरून चालले असावे, पश्चिमेचा वारा पाण्यावर शहारे उठवीत असावा, आणि अशा वेळी दृष्टीच्या टापूत शिडाची एकही होडी नसताना मनात एक निरुद्योगी प्रश्न उभा राहावा, की या पाण्यावर शिडांची शर्यत भरवायची म्हटली तर काय काय करावे लागेल? शहागडला असा सोहळा होत नाही. तथापि ज्या गोष्टी होत नाहीत त्यांचा शिरस्ता निवांतपणे अभ्यासता येतो. निकालाची चिंता नसते.

अशा शर्यतींच्या समारंभाला ‘रेगाटा’ म्हणतात. शब्द व्हेनिसचा, आणि तिथल्या कालव्यांतील मूळच्या शर्यती वल्ह्यांच्या. आपल्याकडेही नदीवर जे रेगाटे रुजले ते वल्ह्यांचेच. सांगलीला कृष्णेत होड्या धावतात त्या वल्ह्यांवर. आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब, जो १९२८ पासून मुळा-मुठेच्या संगमानजीक नांदतो आहे, त्याच्या वार्षिक रेगाट्यात सायंकाळी काठावर लोटणारी गर्दी पंट, कयाक आणि मशालींची कवायत पाहायला येते. शीड आपल्याकडे समुद्रावर आणि तलावांवर राहिले. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. त्याच मुंबईच्या पाण्यात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडांच्या शर्यती झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने ‘फायरबॉल’ वर्गाचे सुवर्णपदक मिळविले. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र मुठेच्या अडविलेल्या पाण्यावर शीड सांभाळायला शिकतात. आणि ज्या हैदराबादकडे मराठवाडा १९५६ पर्यंत राजधानी म्हणून पाहत असे, तिथल्या हुसेनसागरावर दर पावसाळ्यात शिडे उभी राहतात. वाहत्या नदीला मात्र आपल्या शिडकऱ्यांनी सहसा हात लावलेला नाही, आणि त्याचे कारण शर्यतीचा कायदा वाचू लागले की हळूहळू उलगडते.

हा कायदा जगभर एकच आहे. ‘वर्ल्ड सेलिंग’ ही संस्था, जिचा जन्म १९०७ साली निराळ्या नावाने झाला, दर चार वर्षांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढते. सध्याची १ जानेवारी २०२५ पासून अमलात आली असून तिची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. तिचे पहिलेच कलम शर्यतीविषयी नाही. संकटात सापडलेल्या कोणत्याही माणसाला वा नौकेला प्रत्येक होडीने शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे, असे ते आहे; आणि पुढे कुठेतरी, अशी मदत करताना जिचा क्रमांक गेला तिला भरपाई मागण्याचा हक्कही दिला आहे. दुसऱ्या एका कलमात असे बजावले आहे, की शर्यतीत उतरायचे की नाही आणि उतरल्यावर पुढे चालू ठेवायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा, व त्याची जबाबदारीही त्याचीच. शहागडसारख्या ठिकाणी, जिथे वाळूच्या उपशाने तळात कुठे खड्डे पडले असतील याचा भरवसा नाही, या दोन कलमांना नुसत्या शिष्टाचाराहून बरेच अधिक वजन येते.

आयोजकांचे पहिले काम दस्तऐवजांचे. महिना-दोन महिने आधी शर्यतीचा जाहीरनामा निघतो: कोण भरवतो, कोणत्या वर्गाच्या होड्या, प्रवेशाची मुदत काय, किती शर्यती. त्यामागून सूचनापत्रक येते: मार्ग कोणता, खुणेचे तरंगते पिंप कोणत्या रंगाचे, त्याला डावीकडे ठेवून वळायचे की उजवीकडे, वेळेची मर्यादा किती, फिर्याद कुठे दाखल करायची. एक अधिकृत सूचनाफलक असतो. या कारभारात फलकावर जे लागले तेच खरे, आणि तोंडी बदलाला सामान्यतः किंमत नाही. आमच्या नदीवर यात आणखी दोन कागदांची भर पडेल. पहिला कागद असा, की सुरुवात जालना जिल्ह्यात आणि वळणाची खूण बीड जिल्ह्याच्या पाण्यात, तेव्हा इजाजतीचा अर्ज कोणत्या कचेरीत द्यावा हा प्रश्न सुटेपर्यंत पावसाळा सरू नये. दुसरा कागद पाटबंधाऱ्यांच्या कचेरीचा. वरच्या अंगाला पैठणला जायकवाडीचे धरण आहे, १९७६ साली पुरे झालेले, सुमारे १० किलोमीटर लांबीचे आणि २७ दरवाजांचे. त्यातून पाणी सोडले की इथला प्रवाह पावसाच्या इच्छेवर चालत नाही. खुणेची पिंपे नांगरण्याआधी विसर्गाची वर्दी घेणे आणि भोई-कोळ्यांना विचारून त्यांची जाळी कुठे आहेत हे नकाशावर मांडणे, हे शर्यतप्रमुखाचे कर्तव्य कोणत्याही पुस्तकात नसले तरी ते टाळता यायचे नाही.

नदीचे मर्म वेळीच न ओळखल्याची शिक्षा या टापूला ठाऊक आहे. जवळच, दक्षिण तीरावर, राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामअली बरेचसे सैन्य घेऊन गोदावरीपलीकडे उतरलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे राहिलेला, आणि मध्ये दुथडी पाणी. माधवराव पेशव्यांच्या व राघोबादादांच्या फौजा दिवाणावर तुटून पडल्या, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि धनी पैलतीरावरून काहीच करू शकला नाही. शिडाच्या शर्यतीची तुलना लढाईशी करणे हास्यास्पद होईल, पण ऐलतीर आणि पैलतीर यांमधले पाणी हाही खेळातला एक पक्षकार असतो, हे दोन्हीकडे सारखेच.

आता सुरुवात. शिडाच्या होड्यांना धावपटूंसारखे रेषेवर स्तब्ध उभे करता येत नाही. वारा त्यांना उभे राहू देत नाही. म्हणून रेषेच्या मागे सर्व होड्या घिरट्या घालीत असतात आणि निशाणांवर डोळा ठेवून घड्याळ चालवितात. पाच मिनिटे आधी वर्गाचे निशाण चढते, चार मिनिटे उरता तयारीचे निशाण, बहुधा निळ्यात पांढरा चौकोन असलेले. एक मिनिट उरता ते तयारीचे निशाण उतरते, आणि शून्याला वर्गाचे निशाण खाली येते की शर्यत सुरू. प्रत्येक वेळी तुतारी वा बार होतो, पण कायदा म्हणतो की वेळ डोळ्यांनी दिसलेल्या निशाणावरून मोजावी, आवाज झाला नाही तरी हरकत नाही. कुणी रेषेआधी निसटला तर निळ्या फुलीचे पांढरे निशाण वर जाते आणि त्या होडीने परत येऊन पुन्हा रेषा ओलांडायची. पुष्कळ निसटल्या आणि ओळख पटेना, तर सर्वांनाच माघारी बोलावतात. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे निमुळते निशाण म्हणजे तहकुबी. निळ्या-पांढऱ्या चौकटींचे म्हणजे शर्यत रद्द. कोर्टातल्या तारखांना कंटाळलेल्या माणसाला तहकुबीची अशी रंगीत घोषणा पाहून बरे वाटावे.

नदीवर या पाच मिनिटांचा रंग पालटतो. शिडाची शर्यत रिवाजाने वाऱ्याच्या तोंडावर सुरू होते. शहागडला पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नदीचा ओढा साधारण पूर्वेकडे, म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेने होड्यांना रेषेपासून मागे रेटणार. जो थोडा गाफील राहिला तो निशाण उतरताना पन्नास हात मागे सापडणार. हिवाळ्यात वारा फिरून पूर्वेकडून येऊ लागला की उलट तऱ्हा: वाऱ्याच्या तोंडावर जाणे म्हणजे प्रवाहाबरोबर जाणे, आणि पाणी साऱ्या होड्यांना वेळेआधीच रेषेपार ढकलीत राहणार. तेव्हा माघारी बोलावण्याचे निशाण इतक्यांदा चढेल, की ते दोरीलाच बांधून ठेवलेले बरे.

वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही होडी जात नाही. ती नागमोडी चालते, एकदा वारा उजव्या अंगावर घेऊन, एकदा डाव्या. यातूनच वाटेच्या हक्काची मूळ कलमे निघाली. उजव्या अंगावर वारा असलेल्या होडीला हक्क, डाव्या अंगावर असलेलीने बाजूला व्हावे. दोघी एकाच अंगाच्या आणि शेजारी असल्या, तर वाऱ्याकडच्या होडीने आडोशाच्या होडीला वाट द्यावी. मागून येणारीने पुढचीला सांभाळावे. आणि हक्क कुणाचाही असो, टक्कर टाळणे दोघींचेही कर्तव्य. खुणेजवळ तीन होड्यांच्या लांबीचे एक अदृश्य वर्तुळ असते. त्यात आधी पोचलेल्या, किंवा शेजारी असून आतल्या अंगाला असलेल्या होडीला वळायला जागा मिळाली पाहिजे. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी, जी क्लार्क मिल्सने १९४७ साली फ्लोरिडात आखली, जेमतेम २.३६ मीटर लांब. तिच्यापुरते हे वर्तुळ एखाद्या ओसरीएवढे.

समुद्रावर ही कलमे निवांत अंतरावरून लागू होतात. नदीत ती एकमेकींवर येऊन आदळतात, कारण काठ जवळ असतो. शिवाय प्रवाह मध्यावर जोरकस आणि काठाशी मंद, म्हणून प्रवाहाविरुद्ध चढणारी प्रत्येक शहाणी होडी काठाला चिकटू पाहते, आणि वाद नेमके तिथे, बाभळीच्या सावलीत, शिजतात. दोन होड्या शेजारी शेजारी काठाकडे चालल्या आहेत. काठाकडची आता वळली नाही तर दरडीवर जाणार, पण वळली तर शेजारणीवर आदळणार. यासाठी कायद्यात जे विसावे कलम आहे ते मला साऱ्या संहितेतले सर्वांत सुंदर वाटते. अडचणीतल्या होडीने हाक द्यायची, की मला वळायला जागा हवी. हाक ऐकणाऱ्या होडीने एकतर शक्य तितक्या लवकर स्वतः वळायचे, नाहीतर ‘तू वळ’ असे उत्तर देऊन तिला लगेच जागा करून द्यायची. तिसरा मार्ग नाही. आणि हाक खोटी असली, म्हणजे अडचण नसताना कुणी लबाडीने दिली असली, तरीही ऐकणाऱ्याने आधी तामिली करायची, फिर्याद मागून. हाक आधी आणि हुज्जत नंतर, हा क्रम ज्याने ठरविला त्याला नदी माहीत असली पाहिजे. दरड पंचांच्या निवाड्याची वाट पाहत थांबत नाही.

होडी फक्त वारा आणि पाणी यांच्याच बळावर चालावी, असे कलम आहे. वल्हे मारणे, शीड पंख्यासारखे हलवून वारा घालणे, अंग झोकून होडीला हिसके देणे, सारे निषिद्ध. पण ‘पाणी’ हा शब्द तिथे आहे, म्हणून प्रवाहाचा लाभ कायदेशीर. त्याहून गमतीचे म्हणजे नांगर टाकणेही कायदेशीर, आणि खलाशाने तळावर पाय रोवून उभे राहणेही. वारा पडला की प्रवाह सर्वांना मागे वाहून नेऊ लागतो, तेव्हा ज्याने गुपचूप नांगर सोडला तो जागच्या जागी राहतो आणि इतर मागे जातात. म्हणजे स्थिर राहून पुढे जाण्याचा चमत्कार नदीवर घडतो. पुढे निघताना मात्र, शक्य असेल तर, नांगर उचलून घेतला पाहिजे. पाय रोवण्याची मुभा शहागडकराने घेऊ नये. वाळूच्या खड्ड्याला कायद्याची कलमे वाचता येत नाहीत.

या खेळात पाण्यावर सहसा पंच नसतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतःच ती कबूल करून शिक्षा भोगायची, असा मूळ तत्त्वाचा आग्रह आहे. खुणेला स्पर्श झाला तर एक पूर्ण गिरकी. दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर दोन गिरक्या, इतरांपासून दूर जाऊन, लागोपाठ आणि एकाच दिशेने. दुरून पाहणाऱ्याला वाटते होडीला घेरी आली. प्रत्यक्षात तो कबुलीजबाब असतो. ज्याला आपली चूक मान्य नाही त्याच्याविरुद्ध दुसऱ्याने ताबडतोब ‘प्रोटेस्ट’ अशी आरोळी द्यायची, आणि काठावर आल्यावर लेखी फिर्याद. सूचनापत्रकात वेगळी मुदत नसेल तर शेवटची होडी पोचल्यापासून दोन तास.

मग कचेरी भरते. ज्याचा निकालात हितसंबंध असेल त्याला निवाड्याला बसता येत नाही. वादी-प्रतिवादी दोघेही हजर, साक्षीदार दाराबाहेर. मेजावर लाकडाच्या चिमुकल्या होड्या मांडतात आणि जो तो त्या सरकवून आपली कैफियत सांगतो. वारा कुठून होता, काठ किती हात होता, हाक केव्हा ऐकू आली. समिती आधी वस्तुस्थिती निश्चित करते, मग कलम, मग निर्णय. समितीने एकदा ठरविलेली वस्तुस्थिती अपिलात बदलता येत नाही, कायद्याचा अर्थ लावण्यापुरतेच अपील. ते आपल्याकडे याटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे जाते. गुणांची पद्धत उलटी आहे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, जो पोचलाच नाही त्याला एकूण स्पर्धकांहून एक अधिक, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी.

यातल्या कशाहीपेक्षा महत्त्वाचा एक कागद मात्र साधा असतो, हजेरीचा. पाण्यात उतरताना प्रत्येकाने सही करायची आणि काठाला लागल्यावर पुन्हा करायची. सुरक्षा नावा, दोरखंड, तरंगती जाकिटे सारे असले, तरी दिवस मावळताना हे दोन रकाने जुळेपर्यंत शर्यतप्रमुखाने हलायचे नाही. ते जुळले की पिंपांचे नांगर ओढून घ्यायचे, निशाणांच्या घड्या घालायच्या, आणि सूचनाफलकाखाली कंदील लावून बसायचे: फिर्यादीच्या मुदतीचे दोन तास अजून सरायचे असतात.